तुमचे प्रश्न : खाटेवरचा चित्ता, लेथवरचा कॅमेरा आणि आर्नोकाठचे राजाराम महाराज

कोल्हापूर संस्थानच्या इतिहासातली आडवाटेची माणसे आणि प्रकरणे यांविषयी आलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. जागेअभावी काही पत्रे आवरती घेतली आहेत.

पणजोबांचा एक जुना फोटो सापडला. खाटेवर दोन बिबटे बसलेत, एकाच्या डोळ्यांवर चामड्याची टोपी आहे आणि शेजारी पणजोबा फेटा बांधून उभे आहेत. ते दरबारात नोकरीला होते एवढेच घरात माहीत आहे. बिबट्या इतका माणसाळतो का?
— एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

बिबट्याला खाटेवर बसवून टोपी घालण्याची रीत नव्हती. ती चित्त्याची रीत. फोटो जाड भिंगाखाली धरा आणि खांद्यावरचे ठिपके पाहा. चित्त्याचे ठिपके भरीव आणि सुटे असतात, बिबट्याच्या अंगावर मध्ये पोकळ असलेली कडी असतात. ज्याच्या डोळ्यांवर टोपी नाही, त्याच्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून ओठापर्यंत उतरलेली काळी रेघ दिसते का तेही बघा. ती फक्त चित्त्याला असते. जुन्या फोटोत ही रेघ विटून जाते, ठिपके मात्र टिकतात, म्हणून निर्णय ठिपक्यांवर करावा. लहान डोके, खोल छाती आणि बारीक कंबर ही आणखी खूण.

फोटोतले प्राणी चित्ते ठरले, तर पणजोबा दरबारच्या चित्तेखान्यातले चित्तेवान असण्याचा संभव मोठा आहे. चित्त्यांकडून काळविटाची शिकार करवण्याचा शौक हिंदुस्थानात सर्वांत शेवटपर्यंत ज्या संस्थानांनी जपला, त्यांत कोल्हापूर आणि भावनगर ही दोन नावे पुढे येतात. शाहू महाराजांच्या काळात तो भरात होता आणि राजाराम महाराजांच्या काळातही (१९२२ ते १९४०) चालू राहिला. तोवर देशी चित्ता जवळजवळ संपला होता, म्हणून चित्ते आफ्रिकेतून बोटीने आणावे लागत.

देशी चित्ते संपण्याचे एक कारण याच धंद्यात होते. त्या काळी चित्ता बंदिवासात वीत नसे म्हटले तरी चालेल. मोगल दरबारांनी पिढ्यान्‌पिढ्या शेकडो चित्ते पाळले, पण बंदिवासात पिल्ले झाल्याची नोंद जहांगिराच्या काळात एकदाच मिळते. म्हणजे चित्तेखान्यातला प्रत्येक चित्ता रानातून धरूनच आणलेला असे, आणि तोही वयात आलेला. पिल्लू धरून वाढवले तर उपयोग नसे, कारण शिकार त्याला आई शिकवते आणि ते शिक्षण माणसाला देता येत नाही. चित्ते ठरावीक झाडांवर मूत्राची खूण करायला पुन्हा पुन्हा येतात. पारधी त्या झाडाभोवती फास मांडून त्यांना जिवंत धरत.

धरलेल्या चित्त्याला सहा महिन्यांच्या आसपास शिक्षण लागे. गळ्यात आणि कंबरेत पट्टा, डोळ्यांवर टोपी आणि दोन्ही बाजूंना दोर. सुरुवातीला त्याला नीट झोपू देत नसत. खाट वर्दळीच्या जागी ठेवत, म्हणजे बायकापोरांचे बोलणे, भांड्यांचे आवाज, गाड्यांची खडखड त्याच्या कानावर सतत पडे. हातातून मांस देणाऱ्या एकाच माणसाचा आवाज तो ओळखू लागला की मगच टोपी थोडा थोडा वेळ काढत. तुमच्या फोटोत एक टोपीत आणि एक बिनटोपीचा आहे. बिनटोपीचा बहुधा शिक्षण पुरे झालेला असणार.

शिकारीचा क्रम ठरलेला होता. बैलगाडीवर टोपी घातलेला चित्ता आणि त्याचे दोघे चित्तेवान. काळविटांना शेतकऱ्यांच्या गाड्यांची सवय असते, म्हणून कळपाकडे सरळ न जाता गाडी वळसे घेत, अंतर कमी करत नेत. शंभर यार्डांच्या आसपास आल्यावर टोपी काढायची, चित्त्याचे तोंड कळपाकडे वळवायचे आणि काळविटावर त्याची नजर ठरली की दोर सोडायचा. कोल्हापुरात बैलगाडीखेरीज घोड्यांचा ब्रेकही (मोठी उघडी घोडागाडी) वापरत आणि घोडे भरधाव असतानाच चित्ता सोडत. या पद्धतीत वेळ साधणे फार अवघड, आणि कोल्हापूरच्या चित्तेवानांचे खरे कसब इथे दिसते.

चित्ता पंजाने काळविटाचे मागचे पाय उडवतो, ते पडले की नरडे धरतो आणि सोडत नाही. चित्तेवान धावत पोहोचून काळविटाचा गळा कापत, लाकडी पळीत रक्त धरत आणि ती पळी चित्त्याच्या नाकाशी नेत. तो रक्त चाटायला लागला की नरडे सुटते. त्याच क्षणी टोपी चढवायची. मग त्याच्या वाट्याची तंगडी द्यायची. वाटा चुकवला तर पुढच्या वेळी तो सावज सोडत नाही.

बिघडायचे ते बहुतेक घाईने. चित्ता जेमतेम तीनशे मीटर पूर्ण वेगाने धावू शकतो. दोर लांबून सोडला तर तो मध्येच थांबतो आणि रुसल्यासारखा बसून राहतो. अशा वेळी त्याला लगेच दुसऱ्यांदा सोडू नये, कारण अंग तापलेले आणि धाप लागलेली असते. उतरायला अर्धा तास जातो. नांगरलेल्या रानात किंवा पावसाने चिकट झालेल्या काळ्या जमिनीत त्याचा वेग मरतो. त्याला हवा टणक, मोकळा माळ.

फोटो पुठ्ठ्यावर चिकटवलेला असेल तर सोडवू नका. मागे स्टुडिओचा शिक्का किंवा हाताने लिहिलेले काही असले तर दोन्ही बाजू ६०० डीपीआयवर स्कॅन करा. दरबारच्या कागदांत नाव शोधायचे तर आधी शिकारखात्याच्या पगाराच्या आणि खर्चाच्या नोंदी मागा. चित्त्यांच्या मांसाचा खर्च आणि माणसांचे पगार अशा रोजच्या हिशेबातच सापडतात.

खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचे स्मारक आहे. बाबूराव पेंटरांनी कॅमेरा ‘स्वतः बनवला’ म्हणजे नेमके काय बनवले? भिंगसुद्धा? आणि त्यात एवढे अवघड काय होते?
— इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, कळंबा

भिंग नव्हे. कॅमेऱ्याचे भिंग तेव्हा युरोपातून येई, ते लेथवर होणारे काम नाही. बनवायची होती ती फिल्म चालवणारी यंत्रणा, आणि कॅमेऱ्याचा सगळा जीव तिच्यातच असतो.

बाबूराव मेस्त्री (१८९० ते १९५४) आणि नात्याने त्यांचे भाऊ असलेले आनंदराव हे दोघे संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवण्यात नावाजलेले होते. पेंटर हे नाव त्यातूनच पडले. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला आणि या दोघांनी चित्रपटाचा ध्यास घेतला. मुंबईच्या जुन्या बाजारातून त्यांनी एक प्रोजेक्टर घेतला, खेळ लावले आणि यंत्र उघडून अभ्यासले. आनंदराव १९१६ साली वारले. बाबूरावांनी शिष्य विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून १९१८ साली कॅमेरा पुरा केला. भारतात बनलेला पहिला चलचित्र कॅमेरा म्हणून त्याचे नाव घेतले जाते. हेच दामले पुढे ‘प्रभात’च्या संस्थापकांपैकी एक.

आता अवघड काय ते. ३५ मिलिमीटर फिल्मवर एका चित्राची उंची सुमारे १९ मिलिमीटर, दोन्ही काठांना प्रत्येकी चार छिद्रे, आणि एका फुटात सोळा चित्रे. मूकपटाच्या काळात सेकंदाला सोळा चित्रे घेत. हँडल सेकंदाला दोनदा फिरे आणि एका फेऱ्यात आठ चित्रे सरकत. म्हणजे हँडलपासून फिल्म ओढणाऱ्या नखीपर्यंतचे गिअर एकास आठ या प्रमाणात हवेत. प्रत्येक चित्राच्या वाट्याला सेकंदाचा सोळावा भाग येतो. शटरची चकती अर्धी उघडी धरली तर त्यातला निम्मा वेळ, म्हणजे १/३२ सेकंद, प्रकाश पडतो आणि उरलेल्या १/३२ सेकंदात फिल्म १९ मिलिमीटर सरकून पूर्ण स्थिर व्हायला हवी. सेकंदाला सोळा वेळा, आणि दर वेळी त्याच जागी.

प्रोजेक्टर पाहून कॅमेरा बनवणाऱ्याची पहिली अडचण अशी की प्रोजेक्टरमध्ये हे काम बहुधा माल्टीज क्रॉस (खाचांचे, थांबत थांबत फिरणारे चाक) करतो आणि कॅमेऱ्यात नखी. नखी छिद्रात शिरते, फिल्म खाली ओढते, बाहेर निघते आणि रिकामी वर जाते. या चौकोनी फेऱ्यासाठी कॅम, म्हणजे फिरताना नखीला ढकलणारा वेड्यावाकड्या कडेचा तुकडा, घासावा लागतो. घासण्यात दशांश मिलिमीटरची चूक झाली तर फिल्मवर ती दिसत नाही. पण २५ मिलिमीटर रुंदीचे चित्र चार मीटरच्या पडद्यावर टाकले की ते १६० पट मोठे होते आणि तीच चूक सोळा मिलिमीटरचा थरथराट होऊन प्रेक्षकांच्या डोळ्यांत शिरते.

दुसरा दोष शटरचा. नखी आणि शटर यांची सांगड जराशी हलली तर फिल्म सरकत असतानाच उजेड आत येतो आणि पांढऱ्या धोतराच्या, दिव्याच्या, उन्हातल्या भांड्याच्या उभ्या रेघा ओढल्या जातात. असा धूसर पट्टा दिसला तर दोष भिंगात शोधू नये. तिसरा दोष फिल्मच्या वळशाचा. गेटच्या (फिल्मवर उजेड पडतो त्या खिडकीच्या) वर आणि खाली फिल्म सैल सोडावी लागते, कारण वरची दातेरी चाके तिला अखंड फिरवतात आणि नखी झटक्याने ओढते. वळसा तोकडा पडला की छिद्रे फाटतात, मोठा झाला की फिल्म पेटीला घासून ओरखडे येतात. चौथा दोष पेटीचा. बिजागरी आणि झाकणाच्या फटीतून येणारा उजेड अडवायला तिथे काळी मखमल लावतात. याशिवाय त्या काळी कच्ची फिल्म बिनछिद्रांची मिळे. छिद्रे पाडण्याचे यंत्र वेगळे लागे आणि त्याचे अंतर नखीच्या अंतराशी जुळले नाही तर वरची सगळी मेहनत वाया. फाळक्यांनी विलायतेहून कॅमेऱ्याबरोबर असे यंत्रही आणले होते ते याचसाठी.

कॅमेरा चालला, पण भांडवल नव्हते. ते उभे करण्यात कोल्हापूरच्या गायिका तानीबाई कागलकर यांचा वाटा होता. गाणाऱ्या बाईचे पैसे धंद्यात आणि पडद्यावर स्त्रीच्या भूमिकेत स्त्रीच, ही दोन्ही पावले त्या काळात धाडसाची होती. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ १९२० साली पुण्याच्या ‘आर्यन’मध्ये लागला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटले ते या चित्रपटामुळे. इथे एक दुरुस्ती. पडद्यावर आलेल्या पहिल्या स्त्रिया ‘सैरंध्री’तल्या असे लिहिलेले पुष्कळ ठिकाणी आढळते, ते चूक आहे. फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये (१९१३) दुर्गाबाई आणि कमलाबाई या मायलेकी होत्या.

माझ्या मते कॅमेऱ्याइतकेच मोठे काम बाबूरावांनी नेपथ्यात केले. जन्मभर पडदे रंगवणाऱ्या माणसाने चित्रपटातून रंगवलेला पडदा काढून टाकला आणि खांब, भिंती, कमानी उभ्या केल्या. कारण पक्के होते. चित्रण उन्हात चाले, सूर्य सरकला की नटाची सावली सरके, पण पडद्यावर रंगवलेली सावली जागची हलत नसे आणि दोन सावल्यांचा झगडा कॅमेरा लपवत नाही. पुढे ‘सिंहगड’साठी (१९२३) त्यांनी कृत्रिम प्रकाशही वापरला.

मुलगी फ्लॉरेन्सला शिकते. तिथे ‘इंडियानो’ नावाचा पूल आहे आणि जवळ कोल्हापूरच्या महाराजांची समाधी आहे असे ती सांगते. हे कोणते महाराज, आणि तिथे कसे?
— एक शिक्षिका, इचलकरंजी

हे दुसरे राजाराम महाराज. शिवछत्रपतींचे पुत्र राजाराम १७०० साली सिंहगडावर वारले ते वेगळे, आणि शाहू महाराजांचे पुत्र राजाराम आणखी वेगळे. राजाराम कॉलेजला नाव आहे ते या फ्लॉरेन्सच्या राजारामांचे.

जन्म १८५०, पाटणकर घराण्यातला, मूळ नाव नागोजीराव. १८६६ साली दत्तक येऊन गादीवर बसले. समुद्र ओलांडणे धर्मबाह्य मानले जात असताना १८७० साली ते इंग्लंडला गेले, व्हिक्टोरिया राणीला भेटले आणि रोज इंग्रजीत डायरी लिहीत राहिले. ती कॅप्टन वेस्ट यांनी संपादित करून १८७२ साली लंडनमध्ये छापली. परतीच्या वाटेवर प्रकृती ढासळली आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्सच्या हॉटेलात ते वारले. वय अवघे वीस.

फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती, आणि दहन ही तिथे रुळलेली गोष्ट नव्हती. मिलानचे दहनगृह सुरू झाले १८७६ साली. महाराजांच्या माणसांना नदीचा संगम हवा होता. आर्नो नदीला मुन्योने हा ओढा जिथे मिळतो, ती जागा शहराबाहेर कश्शिने बागेच्या टोकाला आहे. तिथे परवानगी मिळाली आणि १ डिसेंबरला उजाडण्याआधी दहन झाले. हे इटलीतले पहिले दहन होते असे काही जण लिहितात, ते बरोबर नाही. इंग्रज कवी शेली बुडून मेला तेव्हा १८२२ साली व्हियारेज्जोजवळच्या किनाऱ्यावर त्याला अग्नी दिला होता.

तिथे आज आहे ते १८७४ साली उभारलेले स्मारक, म्हणजे छत्रीखाली महाराजांचा रंगीत अर्धपुतळा. पुतळा चार्ल्स फ्रान्सिस फुलर या शिल्पकाराचा, छत्री चार्ल्स मँट यांची. आणि मँट म्हणजे आपल्या टाऊन हॉलचा आणि नव्या राजवाड्याचाही वास्तुविशारद. स्मारक झाले तेव्हा कोल्हापुरात टाऊन हॉलचे बांधकाम चालू होते. मुलीला फ्लॉरेन्सच्या छत्रीचे आणि टाऊन हॉलच्या कमानींचे फोटो शेजारी ठेवून बघायला सांगा, हात एकच आहे हे कळते. पूल १९७८चा, त्याला नाव स्मारकावरून मिळाले. ट्रामचा कश्शिने थांबा बागेच्या पूर्व टोकाला आहे आणि स्मारक पश्चिम टोकाला. बाग सुमारे साडेतीन किलोमीटर लांब आहे, तेव्हा सायकल घेतलेली बरी.

टाऊन हॉल म्युझियममध्ये ग्रीक देवाची मूर्ती आहे म्हणतात. ती खरी की नक्कल?
— एक वाचक, कसबा बावडा

खरी. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४०च्या दशकात मिळालेल्या काशाच्या वस्तूंमधली ही पोसायडनची, म्हणजे समुद्रदेवाची मूर्ती रोमन जगातून आलेली आहे. हातातला त्रिशूळ गेला आहे. मूर्ती लहान आहे, मोठ्या दालनात नजरेतून निसटते. तिच्याबरोबर रोमन आरसा आणि पाण्याचे भांडेही मिळाले. सातवाहन काळात कोकणच्या बंदरांतून घाट चढून येणारा व्यापार ब्रह्मपुरीपर्यंत पोहोचत होता, याचा हा हाती धरता येणारा पुरावा. म्युझियम सोमवारी बंद असते.

गांधीनगरला कपडे घ्यायला आम्ही नेहमी जातो. तिथे पूर्वी पोलंडच्या लोकांचे गाव होते हे नुकतेच ऐकले. कोल्हापूरच्या राजाने त्यांना आश्रय दिला होता का?
— एक वाचक, कागल

गाव होते, आणि सुमारे पाच हजार वस्तीचे. वळिवडे छावणी १९४३ ते १९४८ अशी चालली. १९४० साली सोव्हिएत फौजांनी पूर्व पोलंडमधून कुटुंबेच्या कुटुंबे सैबेरियात नेऊन टाकली होती. १९४१च्या सोव्हिएत-पोलिश करारानंतर ती सुटली आणि पुढच्या वर्षी इराणमार्गे बाहेर पडली. पुरुष फौजेत गेले, त्यामुळे वळिवड्याला आलेल्यांत बायका, मुले आणि म्हातारीच जास्त. बराकींच्या रांगा, चर्च, दवाखाना, शाळा, नाटके, स्काउटची पथके असे सगळे तिथे होते, आणि शिक्षण पोलिश भाषेतच चाले. परत गेल्यावर मुलांचे वर्ष वाया जाऊ नये हा हेतू. परत मात्र फार थोडे गेले, कारण त्यांचे मूळ जिल्हेच युद्धानंतर सोव्हिएत संघात गेले होते. बहुतेक जण इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडाकडे वळले.

‘राजाने आश्रय दिला’ ही गोष्ट जामनगरची आहे. बालाचडीला जामसाहेबांनी पोलिश मुलांना ठेवून घेतले, ते प्रकरण वळिवड्याच्या नावावर सांगितले जाते. इथे जागा संस्थानची, खर्च लंडनमधल्या पोलिश सरकारचा आणि रोजचा कारभार पोलिश लोकांचाच. छावणी सुरू झाली तेव्हा कोल्हापूरच्या गादीवर बालवयातले शिवाजी महाराज होते आणि राज्य राजप्रतिनिधी मंडळ पाहत होते. यात कोल्हापूरकरांचा मोठेपणा कमी होत नाही. छावणीला दूध, भाजी, किराणा पुरवणारी, पोरांना सायकली भाड्याने देणारी माणसे इथलीच होती, आणि म्हातारपणी पोलंडहून, इंग्लंडहून परत येऊन भेटणाऱ्यांनी आठवण काढली ती त्यांचीच.

छावणी उठल्यावर त्याच जागी सिंधमधून आलेले निर्वासित राहिले आणि गांधीनगर झाले. पोलिश मंडळींनी १९९८ साली उभारलेला स्मृतिस्तंभ शहरात महावीर उद्यानात आहे. इथे वारलेल्यांच्या कबरी कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत आहेत.

आमच्याकडे इनामाचा मोडी कागद आहे. वाचणाऱ्याने साल ‘सन इहिदे सबैन मया व अलफ’ असे वाचले आणि ‘जिजाबाई’ हे नाव सांगितले. शिवरायांच्या मातोश्री १६७४ साली वारल्या. मग कागद त्यांच्या वेळचा समजायचा का?
— एक शेतकरी वाचक, गडहिंग्लज

नाही, कागद त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी लिहिलेला आहे, आणि त्यातल्या जिजाबाई दुसऱ्या. आधी साल काढू.

हा शुहूर सन. आकडे अरबी शब्दांत आणि उलट क्रमाने लिहितात, म्हणजे एकम, दशम, शतक, सहस्र. इहिदे १, सबैन ७०, मया १००, अलफ १०००. बेरीज ११७१. शुहूर वर्ष मृगापासून, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापासून सुरू होते. कागद जून ते डिसेंबरमधला असेल तर ५९९ मिळवा, जानेवारी ते मेमधला असेल तर ६००. म्हणजे तुमचा कागद १७७०-७१चा.

चुका होतात त्या तीन ठिकाणी. एक, सब्बा म्हणजे ७ आणि सबैन म्हणजे ७०, सलास ३ आणि सलासीन ३०, तिसा ९ आणि तिसैन ९०. मोडीत शब्द सलग लिहितात आणि ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, म्हणून शेपटीचा ‘न’ नजरेतून सुटतो. दोन, महिना मुसलमानी असतो (मोहरम, सफर, रजब, जिल्काद वगैरे) म्हणून लोक सालही हिजरी समजतात. शुहूर वर्ष सौर आहे, हिजरी चांद्र. दोन्हींचा आकडा एक नसतो. तीन, इंग्रजी महिना न काढताच ५९९ मिळवतात आणि एक वर्षाने चुकतात.

पडताळा घ्यायचा सोपा मार्ग असा. कागदाच्या माथ्यावर राज्याभिषेक शक आणि संवत्सराचे नाव असेल. राज्याभिषेक शकात १६७३ मिळवले की इंग्रजी साल येते, मात्र नवे वर्ष ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला लागते. तुमच्या कागदात ९७ असावा. संवत्सरासाठी शालिवाहन शकात १२ मिळवून ६० ने भागा. बाकी उरेल तो प्रभवपासूनचा क्रमांक. शके १६९२ अधिक १२ म्हणजे १७०४, बाकी २४, चोविसावे संवत्सर विकृती. कागदावर ‘विकृती’ दिसले तर साल पक्के. कागद चैत्रानंतरचा, मृगाआधीचा असेल तर पुढचे ‘खर’ दिसेल. याहून दुसरेच नाव असेल तर शुहूर सन पुन्हा वाचून घ्या.

आता जिजाबाई. कोल्हापूरचे संभाजी महाराज डिसेंबर १७६० मध्ये निपुत्रिक वारले. सातारा आणि कोल्हापूर एक करायची पेशव्यांची इच्छा जुनी होती आणि राज्य ताब्यात घ्यायला माणसे निघालीही. त्यांच्या राणी जिजाबाईंनी धाकट्या राणी कुसाबाई गरोदर असल्याचे जाहीर केले. वारस येणार म्हटल्यावर जप्ती थांबली. पुढे मुलगी झाली. पण तोवर पानिपत झाले होते, नानासाहेब पेशवे वारले होते आणि जिजाबाईंना हवा होता तो वेळ मिळाला होता. १७६२ साली त्यांनी खानवटकर भोसल्यांचा मुलगा दत्तक घेतला, त्याचे नाव शिवाजी ठेवले आणि १७७३ पर्यंत, मरेपर्यंत, कारभार स्वतः पाहिला. एका निरोपावर राज्य वाचवणाऱ्या या बाईचे नाव कोल्हापुरातही फार थोडे घेतात, याची खंत वाटते. तुमचा कागद त्यांच्या शेवटच्या वर्षांतला आहे.

कागद उन्हात उलगडू नका. घड्या आपोआप सैल होईपर्यंत सपाट फळीवर ठेवा, मग सकाळच्या सावलीतल्या उजेडात मागचीपुढची बाजू आणि प्रत्येक शिक्का वेगळा असे फोटो घ्या. फ्लॅश नको, शिक्क्याचा उठाव त्यात सपाट होतो. लॅमिनेशन तर मुळीच नको, उष्णतेने प्लॅस्टिक कागदात मुरते आणि पुन्हा निघत नाही. घडीवर कुणी आधीच चिकटपट्टी लावली असेल तर ती ओढून काढू नका. पट्टीबरोबर कागदाचा वरचा थर आणि त्यावरची शाई निघून येते. तेवढे काम पुराभिलेख खात्यातल्या जाणत्या माणसाकडूनच करून घ्या.